फोटोवरून ठसा

(चित्र काढणे तुम्हांला ठाऊक आहे. पण एकाच चित्राच्या अनेक प्रती हव्या असतील, तर काय करावे? त्यासाठी ठसा कोरावा लागतो. फोटोवरून ठसा कसा तयार करतात, तो कसा छापतात आणि या कलेचा आपल्या मुलखाशी काय संबंध आहे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

ठसा ही काही दूरची वस्तू नाही. टपालकचेरीत पाकिटावर पडणारा शिक्का हा ठसाच. शाळेच्या दाखल्यावर उमटणारी मोहर हाही ठसाच. कागदावर उठवलेला अंगठा हा तर निसर्गाने आपल्या बोटावर कोरून दिलेला ठसा आहे. अंगठ्यावर बारीक रेषा उंच असतात आणि त्यांच्या मध्ये खोल चर असतात. उंच रेषांना शाई लागते, चर कोरे राहतात. म्हणून कागदावर रेषांची नक्षी उमटते.

ठसा कोरण्याच्या कलेचे सारे रहस्य एवढ्यातच आहे. जे उंच राहते ते छापले जाते; जे कोरून काढले जाते ते कोरे राहते. लाकडावर कोरले, तर त्याला काष्ठठसा म्हणतात. लिनोलियम नावाच्या मऊ, गुळगुळीत पदार्थावर कोरले, तर त्याला लिनोठसा म्हणतात. अशा ठशावरून कागदावर उमटवलेल्या चित्राला मुद्राचित्र असे नाव आहे.

ही कला फार जुनी आहे. ज्याच्यावर छपाईची तारीख आहे असे सर्वांत जुने छापील पुस्तक चीनमध्ये इ. स. ८६८ मध्ये तयार झाले. ते लाकडी ठशांवरून छापलेले आहे. त्याची सुमारे पाच मीटर लांबीची गुंडाळी आज लंडन येथे जपून ठेवली आहे. आपल्या महाराष्ट्रातही १८०५ साली मिरज येथे तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या पद्धतीत मात्र खोल चरांत शाई भरत असत आणि तीच कागदावर उमटत असे.

कागदावरच नव्हे, तर कापडावरही ठसे उमटवतात. कापडावर ठशांनी नक्षी छापणाऱ्या कारागिरांना उत्तर भारतात ‘छीपा’ म्हणतात. या शब्दाशी हिंगोली जिल्ह्याचे एक नाते आहे. हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये येथे झाला, असे मानले जाते. महाराष्ट्रात नामदेव शिंपी म्हणून ओळखले जातात. पुढे ते उत्तरेत गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतील काही पदांत नामदेवांनी स्वतःला छीपा म्हटले आहे. राजस्थानातील छपाई करणारे अनेक छीपा कारागीर आजही नामदेवांना आपले संत मानतात.

गुजरातमधील कच्छ भागात मुसलमान खत्री कारागीर ‘अजरख’ नावाची छपाई करतात. निळ्या आणि लाल रंगांत ताऱ्यांसारखी, फुलांसारखी नक्षी हे अजरखचे वैशिष्ट्य आहे. हे काम धमडका या गावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. धमडका गावाची फार हानी झाली. रंगाईसाठी लागणाऱ्या पाण्यातही बदल झाला. चांगले पाणी नाही, तर चांगला रंग नाही. तेव्हा कारागिरांनी भुजजवळ नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या कलेचेच नाव दिले. ते गाव म्हणजे अजरखपूर. घरे पडली, पण विद्या हातांत होती. म्हणून धंदा पुन्हा उभा राहिला. त्या गावाचे एक जाणकार कारागीर इस्माइल मोहंमद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट पदवी दिली.

आता आपण वर्गाकडे येऊ. चित्रकलेच्या तासाला फोटोवरून ठसा करायचा, तर पहिला प्रश्न येतो तो म्हणजे फोटो कोणता घ्यावा? सगळेच फोटो ठशाला चालत नाहीत. ज्या फोटोत उजेड आणि सावली स्पष्ट वेगळी आहे, तो फोटो चांगला. ज्यात सगळेच करडे, धुरकट आहे, तो कामाचा नाही. आपल्या जिल्ह्यातलाच एक विषय पाहू. हिंगोली आणि वसमत येथील हळदीचे बाजार प्रसिद्ध आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतातून काढलेली ओली हळद आधी शिजवावी लागते, मग उन्हात वाळवावी लागते. पूर्वी त्यासाठी मोठ्या कढया लावत. आता बहुतेक ठिकाणी वाफेवर शिजवण्याचे लोखंडी कुकर आले आहेत. समजा, तुमच्याजवळ हळद शिजवण्याचा एक फोटो आहे. मध्ये काळी कढई आहे. तिच्यातून पांढरी वाफ वर चढते आहे. बाजूला डोक्याला पदर बांधलेल्या बाई हातात फावडे घेऊन उभ्या आहेत. मागे गोण्या, झाड, बैलगाडी, विजेचा खांब, पाण्याची टाकी असे बरेच काही आहे.

फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा सगळे टिपतो. बाई, वाफ, खांब, टाकी, त्याला सगळे सारखेच. ठसा कोरणाऱ्याला मात्र निवड करावी लागते. कढई ठेवायची की नाही? अर्थात ठेवायची, तिच्याशिवाय चित्राला अर्थ नाही. वाफ ठेवायची? होय, कारण तीच चित्राचा जीव आहे. विजेचा खांब? तो काढून टाकला तरी काही बिघडत नाही. पाण्याची टाकीही काढून टाकावी. बैलगाडीचे फक्त एक चाक दिसले तरी पुरे. असे एकेक करून ठरवावे. चार इंच जागेत दहा वस्तू कोंबल्या, तर पाहणाऱ्याला एकही नीट दिसत नाही.

निवड झाली, की डोळे अर्धवट मिटून फोटोकडे पाहावे. बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि केवळ काळ्या व पांढऱ्या जागा उरतात. जवळ झेरॉक्सचे दुकान असेल, तर फोटोची गडद झेरॉक्स काढावी. झेरॉक्समध्ये करडा रंग बराचसा कमी होतो आणि आपले काम सोपे होते. मग काळ्या जागा काळ्या पेनाने भरून घ्याव्यात. हा कागद म्हणजे आपला आराखडा. कोरायला बसण्यापूर्वी आराखडा भिंतीला लावून दहा पावले मागे जावे. तेथून कढई कढईसारखी आणि बाई बाईसारख्या दिसल्या, तर आराखडा जमला. नाही दिसल्या, तर पुन्हा काढावा. कागदावर दहा वेळा खोडता येते. ठशावर एकदाही खोडता येत नाही.

आता आराखडा ठशावर उतरवायचा. येथे एक गंमत आहे. ठशावरून छापलेले चित्र नेहमी उलटे उमटते, म्हणजे आरशात दिसावे तसे. ठशावर बाईंच्या उजव्या हातात फावडे असेल, तर कागदावर ते डाव्या हातात दिसेल. म्हणून चित्र ठशावर मुद्दाम उलटे उतरवावे लागते. त्याचा सोपा उपाय असा: आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवून मऊ पेन्सिलीने रेषा गिरवाव्यात. मग तो कागद पालथा करावा, म्हणजे पेन्सिलीची बाजू ठशाकडे येईल. वरून चमच्याने किंवा नखाने घासावे. पेन्सिलीच्या रेषा ठशावर उतरतात आणि त्या आपोआप उलट्या असतात. छापल्यावर त्या पुन्हा उलटतात, म्हणजेच सुलट होतात. दोनदा उलटले, की सुलट होते!

अक्षरांच्या बाबतीत ही गंमत अधिकच वाढते. तुम्ही दोन लिप्या लिहिता. मराठी डावीकडून उजवीकडे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. ठशावर ‘हिंगोली’ हा शब्द देवनागरीत कोरायचा असेल, तर तो उजवीकडून डावीकडे कोरावा लागतो. उर्दूत कोरायचा असेल, तर तो डावीकडून उजवीकडे कोरावा लागतो. म्हणजे ठशावर मराठी उर्दूच्या वाटेने चालते आणि उर्दू मराठीच्या वाटेने! ज्याला दोन्ही वाटांची सवय आहे, त्याला हे काम इतरांपेक्षा सोपे जाते. अक्षरे बरोबर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ठशासमोर आरसा धरावा. आरशात शब्द सरळ वाचता आला, तर कागदावरही तो सरळच येईल.

उर्दू छपाईचा इतिहासही याच युक्तीवर उभा आहे. उर्दूची नस्तालीक लिपी वळणदार असते. तिची अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि वरून खाली उतरत जाणारी असतात. त्यामुळे शिशाचे सुटे खिळे जुळवून नस्तालीक छापणे फार अवघड होते. म्हणून उर्दू पुस्तके शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर छापली जात. कातिब खास लेप दिलेल्या कागदावर सुंदर अक्षरांत मजकूर लिहीत. तो कागद दगडावर पालथा दाबला, की अक्षरे दगडावर उलटी उतरत आणि छापताना सुलटी होत. १८५८ साली लखनौ येथे सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून अशी हजारो पुस्तके बाहेर पडली. १९८१ साली लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने संगणकावर तयार केलेली ‘नूरी नस्तालीक’ वापरली. पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली आणि कातिबांचे काम हळूहळू कमी झाले. तोपर्यंत उर्दू वाचकाच्या हातात पडणारे बहुतेक पान कोणातरी कातिबाच्या हाताने लिहिलेले असे.

ठशात काळा आणि पांढरा हे दोनच रंग. मग फोटोतील करडा रंग कसा दाखवायचा? त्यासाठी रेषांचा उपयोग करतात. काळ्या जागेत बारीक पांढऱ्या रेषा कोराव्यात. रेषा जितक्या जवळ जवळ, तितकी जागा फिकी दिसते. रेषा दूर दूर असतील, तर जागा गडद दिसते. रेषांची दिशाही महत्त्वाची आहे. कढईवरच्या रेषा तिच्या गोलाईप्रमाणे वळवाव्यात, म्हणजे कढई गोल दिसते. वाफेच्या रेषा खालून वर, लहरत न्याव्यात, म्हणजे वाफ चढताना दिसते. जमिनीवरच्या रेषा आडव्या असाव्यात.

छापखान्यातही फोटो अशाच युक्तीने छापत. फोटो एका बारीक जाळीतून पुन्हा टिपत. त्यामुळे त्याचे लहानमोठे ठिपके होत. ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरत. अशा पत्र्याला ‘ब्लॉक’ म्हणत. जुन्या वर्तमानपत्रातील फोटो भिंगाखाली धरून पाहा. काळे ठिपके मोठे असतील तेथे सावली आणि लहान असतील तेथे उजेड, असे तुम्हांला आढळेल. हे ब्लॉक करण्याची विद्या शिकलेला एक मराठी माणूस पुढे जगप्रसिद्ध झाला. ते म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, ब्लॉक करणे, छपाई ही कामे त्यांनी केली. रंगीत छपाई पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. पुढे १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला. फोटोतून ठसा करणारा हात फोटोला चालवूही लागला!

आता कोरायला बसू. सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असा लिनोचा तुकडा घ्यावा. तो मिळाला नाही, तर रबराचा गुळगुळीत तुकडा चालतो. लहान ठशासाठी खोडरबरही पुरते. लिनो कडक वाटला, तर थोडा वेळ उन्हात ठेवावा. मराठवाड्याच्या उन्हात तो लगेच मऊ होतो आणि कोरणी सहज चालते. कोरण्या दोन प्रकारच्या असतात. टोकदार कोरणीने बारीक रेषा कोरतात आणि गोल तोंडाच्या कोरणीने मोठी जागा साफ करतात. आधी बारीक रेषा कोराव्यात, मग मोठ्या जागा काढाव्यात.

कोरताना एक नियम कधीही विसरू नये. कोरणी नेहमी आपल्यापासून दूर चालवावी आणि ठसा धरणारा हात कोरणीच्या मागे ठेवावा. कोरणी निसटते ती पुढेच. पुढे हात असेल, तर तो कापला जातो. वळणदार रेषा कोरायची असेल, तर हात वळवू नये; ठसाच फिरवावा. फार खोल कोरण्याची गरज नसते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लिनोत अर्धी जाडी पुरे होते.

कोरून झाले, की कपड्याने किंवा ब्रशने ठसा साफ करावा. काचेच्या तुकड्यावर छपाईची थोडी शाई घ्यावी आणि तिच्यावरून रबरी रूळ पुढेमागे फिरवावा. शाई पातळ व सारखी पसरली, की रूळाखाली चरचर असा बारीक आवाज येतो. शाई जाड असेल, तर आवाज येत नाही आणि ठशातील बारीक रेषा बुजून जातात. शाईचा रूळ ठशावरून फिरवावा. वर कागद अलगद ठेवावा. तो एकदा ठेवला, की सरकवू नये. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे गोल गोल घासावे. मग एका कोपऱ्याने कागद हळूहळू उचलावा. काळ्या कढईतून पांढरी वाफ वर चढताना दिसू लागते!

पहिली छाप ही परीक्षेची असते. कोठे शाई कमी पडली, कोठे जागा साफ करायची राहिली, हे तिच्यावरून कळते. जे कमी कोरले गेले ते आणखी कोरता येते. जे जास्त कोरले गेले ते परत आणता येत नाही. म्हणून जाणकार कारागीर नेहमी थोडे हात राखून कोरतात. ठसा मनासारखा झाला, की छापा काढाव्यात आणि त्या दोरीवर टांगून एक-दोन दिवस वाळवाव्यात. दहा छापा काढल्या, तर प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने १/१०, २/१० असे क्रमांक घालून सही करावी. पहिली छाप अस्सल आणि दहावी नक्कल असे येथे नसते. सगळ्याच छापा अस्सल.

याच गुणामुळे ठसा हे लोकांपर्यंत पोचण्याचे मोठे साधन ठरले. १९३० साली गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीयात्रा काढली. त्या वर्षी शांतिनिकेतनमधील चित्रकार नंदलाल बोस यांनी हातात काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोठसा केला. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, एवढेच त्यात आहे. ना रस्ता, ना गर्दी, ना झेंडे. तरी पाहणाऱ्याला सारी यात्रा दिसते. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘सहज पाठ’ हे मुलांचे बंगाली पुस्तक निघाले. त्यातील चित्रेही नंदलाल बोस यांच्या लिनोठशांची आहेत.

चित्तप्रसाद हे दुसरे मोठे ठसाकार. त्यांचा जन्म १९१५ सालचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते गावोगाव फिरले. उपाशी माणसांची चित्रे त्यांनी काढली आणि त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक छापले. इंग्रज सरकारने त्याच्या जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. १९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहू लागले. तेथे त्यांनी बूट पुसणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, काम करता करता थकून गेलेल्या मुलांचे लिनोठसे केले. ज्या मुलांचा कोणी फोटोही काढत नाही, त्यांना या ठशांनी लोकांसमोर आणले. १९७८ साली चित्तप्रसाद यांचे निधन झाले. पण त्यांचे ठसे आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात.

फोटोवरून ठसा करताना म्हणूनच आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटो दुसऱ्याने काढला असेल, तर त्याला विचारावे. फोटोत एखादी व्यक्ती असेल, तर तिलाही विचारावे. आपल्या फोटोतील बाई दिवसभर आगीजवळ उभ्या राहून हळद शिजवतात. त्यांचे चित्र आपण कोरणार, छापणार, शाळेच्या भिंतीवर लावणार. तेव्हा पहिली चांगली छाप त्यांच्या हाती द्यावी, हे योग्य होय. ठशाच्या दहा छापा निघतात. त्यांतील एक दिल्याने आपले काही कमी होत नाही. पण ज्यांच्या श्रमांवर आपण चित्र काढले, त्यांच्या घरात ते चित्र पोचते.

लिनोचा एक तुकडा, एक कोरणी, थोडी शाई आणि पाहणारे डोळे एवढ्या भांडवलावर ही कला सुरू होते. ती आपल्याला चित्र काढायला शिकवते, त्याबरोबरच निवडायलाही शिकवते. काय ठेवावे, काय काढून टाकावे आणि कोणता घाव घालण्यापूर्वी थांबून विचार करावा, हे ज्याला समजले, त्याचा ठसा चांगला उमटतो.

शब्दार्थ

ठसा – ठप्पा, छाप उठवण्याचे साधन
मोहर – शिक्का
चर – खोल रेषा
कोरे – ज्यावर काही छापलेले वा लिहिलेले नाही असे
काष्ठ – लाकूड
हानी – नुकसान
जाणकार – माहितगार
आराखडा – कच्चे चित्र, नकाशा
पालथा – उलटा, तोंड खाली केलेला
सुलट – सरळ
कातिब – सुंदर अक्षरांत मजकूर लिहिणारा
शिळाप्रेस – दगडावरून छपाई करण्याचे यंत्र
खिळे – छपाईची शिशाची सुटी अक्षरे
आम्ल – तेजाब
कोरणी – कोरण्याचे हत्यार
अस्सल – खरे, मूळ
भांडवल – धंद्यासाठी लागणारा पैसा, साधनसामग्री

वाक्प्रचार

हात राखून काम करणे – जपून, बेताने काम करणे
ध्यानात ठेवणे – लक्षात ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लिनोठसा कशाला म्हणतात?
(२) कापडावर ठशांनी छपाई करणाऱ्या कारागिरांना उत्तर भारतात काय म्हणतात?
(३) संत नामदेवांची किती पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत?
(४) छापखान्यातील ब्लॉक कशाचे करत असत?
(५) कोरणी कोणत्या दिशेने चालवावी?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कारागिरांनी अजरखपूर हे गाव का वसवले?
(२) चित्र ठशावर उलटे का उतरवावे लागते?
(३) ठशात करडा रंग कसा दाखवतात?
(४) उर्दू पुस्तके शिळाप्रेसवर का छापली जात?

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) फोटोवरून आराखडा कसा तयार करावा?
(२) ‘सगळ्याच छापा अस्सल’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(३) पहिली चांगली छाप फोटोतील बाईंना द्यावी, असे लेखकाला का वाटते? तुमचे मत लिहा.

प्र. ४. जोड्या लावा.
‘अ’ गट: (१) नंदलाल बोस (२) दादासाहेब फाळके (३) मुन्शी नवलकिशोर (४) चित्तप्रसाद
‘ब’ गट: (अ) राजा हरिश्चंद्र (आ) हंग्री बेंगॉल (इ) सहज पाठमधील चित्रे (ई) लखनौचा छापखाना

प्र. ५. पुढील मराठी शब्दांसारखे शब्द उर्दूतही आहेत. ते शोधून लिहा.
कागद, शाई, कारागीर, नक्षी, मोहर, दुकान

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उजेड × ……, उंच × ……, उलट × ……, अस्सल × ……, ओली × ……

प्र. ७. कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा.
(१) कोरणी निसटते. (अनेकवचन करा.)
(२) कागद हळूहळू उचलावा. (‘छाप’ हा शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा.)
(३) ठशावर एकदाही खोडता येत नाही. (प्रश्नार्थक करा.)

उपक्रम
(१) खोडरबरावर आपल्या नावाचे पहिले अक्षर एकदा देवनागरीत व एकदा उर्दूत कोरा. दोन्ही ठसे एकाच कागदावर उमटवा.
(२) तुमच्या गावात हाताने काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीची परवानगी घेऊन तिचा फोटो मिळवा. त्यावरून फक्त काळ्या-पांढऱ्या रंगांत आराखडा तयार करा. काय ठेवले, काय काढून टाकले आणि का, ते पाच वाक्यांत लिहा.